बारावीचं राज्यशास्त्र : मास्ट्रिक्ट पाठ झालं, ग्रामसभा राहिली

पुस्तक : राज्यशास्त्र, इयत्ता बारावी, मराठी माध्यम, बालभारती.

आधीच सांगते, मी कॉलेजात जाणारी मुलगी नाही. १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरून कला शाखेतून बसलेली बाई आहे. अंगणवाडीत मदतनीस आहे, सेविका व्हायला आता बारावी लागते, म्हणून हा सगळा खटाटोप. हे पुस्तक मी कुणी न शिकवता, रात्री भांडी घासून झाल्यावर वाचलंय. पुस्तकाची खरी परीक्षा अशीच होते. वर्गात सर चांगले असले की कसलंही पुस्तक खपून जातं.

तर पुस्तक चांगलं आहे, पण चुकीच्या इयत्तेला लावलंय.

चांगलं काय ते आधी. प्रकरणं सहाच. १९९१ नंतरचं जग, जागतिकीकरण, मग पर्यावरण-दारिद्र्य-लिंगभाव यांचं एक, राष्ट्रीय एकात्मतेपुढची आव्हानं, सुशासन आणि शेवटी भारत आणि जग. आकार मोठा, चित्रं रंगीत, अक्षर डोळ्यांना त्रास न देणारं. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते, पण मोबाइलवर नकाशे नीट दिसत नाहीत. तेवढ्यासाठी छापील घ्याच. सोव्हिएत संघाचे तुकडे झाले ते नकाशा समोर असल्याशिवाय डोक्यात बसत नाही. मी कझाकस्तान आणि किरगिझस्तान यांत रोज गोंधळत होते. शेवटी नकाशाचं झेरॉक्स काढून पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवलं, तेव्हा कुठे जमलं.

पहिलं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. १९९१ च्या डिसेंबरात एवढा मोठा देश कागदावरून पुसला जातो आणि त्याचे धक्के कुठकुठे बसतात, हे गोष्टीसारखं वाचता येतं. युगोस्लाव्हिया, आखाती युद्ध, युरोपीय संघ, सगळं ओळीने. भाषा मात्र जड. एकेका वाक्यात तीन-तीन जोडशब्द, ते तोडून वहीत आपल्या भाषेत लिहावं लागतं. त्यात वेळ जातो, पण एकदा लिहिलं की विसरत नाही.

आता चुकीच्या इयत्तेचं. युरोपीय संघ ज्यातून उभा राहिला तो मास्ट्रिक्ट करार १९९२ ला झाला आणि १९९३ च्या नोव्हेंबरात लागू झाला. तो मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याच १९९३ च्या २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतींना घटनेत स्थान आणि बायकांना राखीव जागा देणारी. तिच्यामुळे आमच्या घरातली बाई सरपंच होऊ शकली. पण या पुस्तकात पंचायत राजला स्वतंत्र प्रकरण नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत सदस्य म्हणून आल्या आणि सदस्यांनी त्यांना सरपंच केलं. त्यांनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, "अगं, ह्यात ग्रामसभेचं कुठं हाय?" मी म्हटलं, "आक्का, ह्यात ब्रिक्स आहे." ब्रिक्स म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन अशा देशांचा गट.

ग्रामसभेत काय कमी राज्यशास्त्र आहे? कोरमचंच घ्या, म्हणजे सभेला निदान किती माणसं हवीत त्याचं. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. १०० माणसं येत नाहीत. मग सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमच लागत नाही! मारुतीच्या देवळात सतरंजीवर वीस माणसं बसतात, त्यातली निम्मी ठेकेदाराची, आणि घरकुलाची यादी मंजूर होते. रजिस्टर मग घरोघर सह्यांना फिरतं. ज्याला हा खेळ कळतो तो गाव चालवतो. यावर चार पानं असती तर ‘लोकसहभाग’ हा मुद्दा मला पाठ करावा लागला नसता.

थेट सरपंचाचंही तसंच. सरपंच जनतेतून निवडायचा, हे २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलते. का बदलते, कुणाला कुठली रीत सोयीची, यावर वर्गात दोन तास भांडण होईल इतका मसाला आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं आधीच्या इयत्तांत होऊन गेलं. माझी पोरगी दहावीला आहे, तिचं पुस्तक घरात आहे, म्हणून बघितलं. खरंच, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, सगळं तिथे आहे, तेही इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेलं. अकरावीत प्रतिनिधित्वावर एक प्रकरण आहे, पण आम्हा १७ नंबरवाल्यांची अकरावी होतच नाही. म्हणजे पक्ष आणि निवडणुका पंधराव्या वर्षी उरकायच्या, आणि पोरं मतदानाला आली की त्यांना शांघाय सहकार्य संघटनेचं काय ते विचारायचं. मतदानाचं वय २१ वरून १८ केलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून. १७ वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो, हे मला आमच्या सेविकाताईंनी सांगितलं. त्या बीएलओ आहेत, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी त्या बघतात.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा पुण्यात सीबीएसईला आहे. त्याला बारावीला दोन पुस्तकं, एक जगाचं आणि एक स्वातंत्र्यानंतरच्या भारतातल्या राजकारणाचं. आणीबाणी, आघाडी सरकारं, प्रादेशिक पक्ष, सगळं त्यात. मराठीत मात्र ते मिळत नाही, म्हणून हिंदीतलं आणून वाचलं. आपल्याकडे त्या दुसऱ्या पुस्तकाची जागा मोकळी आहे.

परीक्षेबद्दल. लेखी ८० आणि अंतर्गत २०. पाठ करून निम्मं काम होतं, निम्मं होत नाही. ‘सहसंबंध स्पष्ट करा’ या प्रश्नात दोन गोष्टी देतात आणि त्यांचं नातं लिहायला सांगतात. तिथे दोन व्याख्या एकाखाली एक लिहिल्या तर गुण जातात. ‘चूक की बरोबर ते सकारण लिहा’ यातही कारणालाच महत्त्व. हा नमुना मला आवडला. एरवी आपल्याकडे असं विचारतं कोण?

गाइडबद्दल बरेच विचारतात. तालुक्याला मिळतात ती दोन-तीन बघितली. संकल्पनाचित्रं सोडवून दिलेली असतात, त्याला उपयोग होतो. बाकी उत्तरं पुस्तकातलीच वाक्यं, फक्त क्रमांक घालून. माहितीच्या अधिकाराचं उत्तर वाचलं तर कायदा २००५ चा एवढंच कळतं. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज कुणाला द्यायचा आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील कुठे करायचं, ते नाही.

अंतर्गत गुणांच्या प्रकल्पासाठी मी गावच्या ग्रामसभेची हजेरी आणि ठराव घेतले. ज्या कॉलेजातून फॉर्म भरला तिथले सर आधी थोडे थांबले. हा विषय कुठल्या प्रकरणात येतो ते शोधत होते. मग म्हणाले, "करा, पण सुशासनात बसवा." बसवला. गाइडच्या मागे प्रकल्पाचे तयार विषय असतात, त्यातला ‘ब्रिक्स : एक अभ्यास’ घेऊ नका, तुमच्या पुढे-मागे बसलेल्या सगळ्यांचा तोच असणार.