क्यूटिप: छोट्या क्वांटम प्रणालींसाठी भरवशाची, मात्र तपासून वापरावी अशी लायब्ररी

बेळगाव, निपाणी, खानापूर या भागात एम.एस्सी.चा क्वांटम गतिकीवरील प्रकल्प बहुधा घरच्या लॅपटॉपवरच पार पाडावा लागतो आणि त्या मर्यादेत क्यूटिप ही पायथनमधील लायब्ररी मला सर्वांत उपयुक्त वाटते. जोहान्सन, नेशन आणि नोरी यांनी तिच्याविषयीचा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध केला. ती मोफत व मुक्तस्रोत असून एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. भर पावसाळ्यात खानापूरच्या आतल्या गावांत बसून काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

तिचे खरे बळ परिसराशी जोडलेल्या, ऊर्जा गमावणाऱ्या प्रणालींच्या अभ्यासात दिसते. हॅमिल्टोनियन (प्रणालीच्या ऊर्जेचा ऑपरेटर), सुरुवातीची अवस्था, वेळांची यादी आणि ऱ्हासाचे ऑपरेटर एवढे दिले की ‘एमईसॉल्व्ह’ हे फंक्शन लिंडब्लाड समीकरण, म्हणजे अशा प्रणालीची अवस्था वेळेनुसार कशी बदलते हे सांगणारे समीकरण, सोडवून देते. (हेच समीकरण १९७६ मध्ये गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सुदर्शन यांनीही स्वतंत्रपणे मांडले होते, हे वर्गात आवर्जून सांगावे.) मात्र १४ क्यूबिटांच्या (दोन पातळ्यांच्या क्वांटम प्रणालींच्या) डेन्सिटी मॅट्रिक्समध्ये, म्हणजे पूर्ण अवस्था नोंदवणाऱ्या सारणीत, सुमारे २६ कोटी ८४ लाख घटक असतात आणि प्रत्येकी १६ बाइट धरले तरी ती एकटीच ४ जीबीहून अधिक जागा खाते, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपने तिथेच हात टेकले. अशा वेळी ‘एमसीसॉल्व्ह’ वापरावे; ते १६,३८४ घटकांच्या अवस्थेवरच काम करते, पण यदृच्छेने घडणाऱ्या अनेक मार्गांची सरासरी घ्यावी लागत असल्याने वेळ भरपूर घेते.

माझा मुख्य आक्षेप या लायब्ररीच्या सोयीस्करपणावरच आहे. प्रकाशाच्या मोडला (कंपनाच्या एका प्रकाराला) अनंत पातळ्या असतात. आपण त्या कुठेतरी छाटतो. अल्फा ३ असलेली कोहेरंट अवस्था (लेसरसारख्या प्रकाशाची अवस्था), म्हणजे सरासरी ९ फोटॉन, केवळ १० पातळ्यांत बसवायला सांगितली, तरी क्यूटिप मूळ सेटिंगमध्ये निमूटपणे नॉर्मलाइझ केलेली (संभाव्यतांची बेरीज १ असलेली) अवस्था हातात ठेवते आणि पुढचा आलेखही गुळगुळीत येतो. तीच अवस्था ‘अ‍ॅनॅलिटिक’ पर्याय निवडून मागवली, तर संभाव्यतांची बेरीज जेमतेम ०.५९ भरते आणि बिंग फुटते. येथे ३० पातळ्या घ्याव्यात, शिवाय शेवटच्या पातळीवरची संभाव्यता प्रत्येक वेळी छापून पाहावी. आलेख देखणा आहे म्हणून प्रबंधात घालू नये.

पाचव्या आवृत्तीत सॉल्व्हरचे पर्याय डिक्शनरीच्या रूपात द्यावे लागतात, त्यामुळे सीनियरकडून आलेला जुना कोड अनेकदा अडतो. ही दुरुस्ती किरकोळ आहे.

पन्नास स्पिनांची साखळी प्रकल्पाला घेतली असेल, तर मात्र क्यूटिपच्या वाटेला जाऊ नये. त्यासाठी विदाल यांनी २००४ मध्ये मांडलेल्या टीईबीडीसारख्या टेन्सर नेटवर्क पद्धती (मोठी अवस्था छोट्या तुकड्यांच्या जाळ्यात साठवणाऱ्या) आहेत, आणि त्यादेखील साखळीतील एन्टँगलमेंट (स्पिनांचे एकमेकांत गुंतणे) आटोक्यात असेपर्यंतच चालतात.