मूठ तीच हवी: हाय-पॉवरच्या दोन नव्या आवृत्त्या

माझे वडील पोलीस खात्यात होते आणि त्यांच्या कमरेला इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेले नाइन एमएम पिस्तूल असे. ते मूळच्या ब्राउनिंग हाय-पॉवरचेच भारतीय भावंड आहे, हे मला टेक्ससमध्ये राहायला आल्यावर कळले. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरी कंपनीने 2021 मध्ये ‘एसए-35’ आणले, पाठोपाठ 2022 मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीने स्वतःची नवी ‘हाय पॉवर’ जाहीर केली, आणि मी दोन्ही पिस्तुले रेंजवर भाड्याने घेऊन चालवणार असल्याचे बाबांना फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “मूठ तशीच ठेवली आहे का?”

या पिस्तुलाची सारी कीर्ती त्या मुठीत आहे. त्याचे मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममध्येच वारले आणि त्यांचे अपुरे काम एफएनमधील द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. 1935 मध्ये बाजारात आलेल्या या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डब्यात, दुहेरी ओळीत 13 काडतुसे बसत, तरीही मूठ इतकी सडपातळ राहिली की लहान पंजाच्या माणसालाही ती परकी वाटत नसे. दुसऱ्या महायुद्धात तर हे पिस्तूल दोन्ही बाजूंच्या हातांत होते: एफएनचा हर्स्टालचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला होता आणि कॅनडात इंग्लिस कंपनी दोस्त राष्ट्रांसाठी हेच पिस्तूल घडवत होती.

जुन्या रचनेत खोडी नव्हत्या असे नाही. मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये म्हणून बसवलेला अडसर मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर घासत असल्याने ट्रिगर खरखरीत लागे. शिवाय ठोका देऊन गोळी सोडणारा हॅमर मागे येताना अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली कातडी चिमटीत पकडे, आणि सेफ्टीचा खटका इतका छोटा होता की घाईत अंगठ्याला तो शोधावा लागे.

‘एसए-35’ ने नेमक्या याच खोडी काढल्या आहेत. अडसर गेला, हॅमरचा आकार बदलला, सेफ्टीचा खटका लांब झाला आणि मॅगझिनमध्ये 15 काडतुसे बसू लागली. बाकीचा सांगाडा मात्र जुनाच आहे, इतका की जुनी मॅगझिन्स आणि मुठीच्या फळ्याही त्याला चालतात. उघडण्याची पद्धतही तीच: स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सेफ्टी तिच्या पुढच्या खाचेत अडकवायची, उजव्या बाजूने स्लाइड-स्टॉपची (स्लाइड अडवून धरणाऱ्या खटक्याची) पिन बोटाने दाबायची, डावीकडून ती बाहेर काढायची आणि मग सेफ्टी सोडून स्लाइड पुढे सरकवायची. अक्रोडाच्या चौकडी कोरलेल्या फळ्यांवर हात ठेवताच मला बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सेफ्टी फक्त डाव्या बाजूला आहे, त्यामुळे डावखुऱ्यांची पंचाईत कायम राहते. ही एक सुधारणा करायला काय हरकत होती, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

एफएनची वाट वेगळी आहे. दोन्ही बाजूंना सेफ्टी आणि स्लाइड-स्टॉप, 17 काडतुसांचे मॅगझिन, पिन न काढता केवळ एक खटका फिरवून उघडता येणारी रचना, या सगळ्या सोयी खऱ्या आहेत, आणि पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्याला त्या मोहातही पाडतील. पण जुने मॅगझिन यात बसत नाही आणि वजन सुमारे 1,130 ग्रॅम आहे, तर ‘एसए-35’ चे सुमारे 890. हे जास्तीचे वजन गोळी झाडताना उपयोगी पडते. 10 यार्डांवर झपाझप गोळ्या झाडताना पुढची साइट (नेम धरायची खूण) लवकर जागेवर येत होती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही माझी बोटे त्या भरदार मुठीभोवती गुंडाळली गेली तेव्हा मी एक चांगले, आधुनिक, पोलादी पिस्तूल धरले आहे असे वाटले. हाय-पॉवर धरली आहे असे वाटले नाही. नाव ज्या घराण्याचे, त्याच घरातून अशी अनोळखी वस्तू यावी याचे थोडे वाईट वाटते.

किमतीनेही पारडे झुकते. बाजारात आली तेव्हा ‘एसए-35’ ची छापील किंमत 699 डॉलर होती आणि एफएनची 1,269 पासून पुढे. जवळपास दुप्पट पैसे मोजायचे ते दोन जादा काडतुसांसाठी आणि उजव्या बाजूच्या खटक्यासाठी असतील, तर डावखुऱ्या नेमबाजाला ते पटावेत. मला पटत नाहीत. भारतातल्या वाचकांसाठी हा सगळा केवळ वाचनाचा आनंद आहे, कारण तिथे नाइन एमएम हे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही.

मी ‘एसए-35’ ची मागणी नोंदवली. रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “आमच्याला लाकूड नव्हतं एवढं छान.”