निसर्गनिरीक्षण संच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात आमच्या सहाव्या आणि शेवटच्या कीटक-डबीच्या झाकणाची बिजागरी तुटली. चार ते सहा वर्षांच्या बारा मुलांच्या गटाला मी आठवड्यातून दोनदा बाहेर घेऊन जाते आणि दोन मुलांना मिळून एक संच देते. संचात झाकणावर भिंग असलेली डबी, हातभिंग, चिमटा आणि दोरी असते हे घेणाऱ्यांना ठाऊक असतेच, त्यामुळे त्या वस्तूंची ओळख करून देत नाही.

सर्वांत आधी डबीबद्दल, कारण माझा सर्वाधिक वेळ तिच्यावरच गेला. पहिले सहा आठवडे मुले झाकणातून एकदा पाहायची आणि डबी लगेच माझ्या हातात द्यायची. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही, असे मी तेव्हा मनाशी ठरवून टाकले होते. मग एके दिवशी साडेचार वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "ताई, आत धूर झालाय." मी स्वतः डोळा लावला, तेव्हा तळाशी बसलेली मुंगी मलाही धुरकटच दिसली.

घरी येऊन मी खिडकीसमोर कोरा कागद धरला आणि दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा त्यावर स्पष्ट उमटेपर्यंत झाकणाचे भिंग मागेपुढे केले. कागद आणि भिंग यांतले अंतर, म्हणजेच भिंगाचे नाभीय अंतर, पाच सेंटीमीटर भरले. स्पष्ट दिसण्याचे डोळ्यापासूनचे जवळचे अंतर पंचवीस सेंटीमीटर धरतात. त्या पंचवीसला नाभीय अंतराने, म्हणजे पाचने, भागले की पाच येतात, तेव्हा वेष्टनावरचा पाच पट मोठे दिसण्याचा दावा खरा आहे. मात्र डबीची खोली सात सेंटीमीटर आहे! वस्तू नाभीय अंतराच्या आत असेल तरच अशा भिंगातून ती सुलट, मोठी आणि स्पष्ट दिसते. तळाशी बसलेला जीव दोन सेंटीमीटर बाहेर राहतो. ज्याने ही डबी बनवली, त्याने एकदाही आत मुंगी ठेवून वरून पाहिले नसावे, असे मला आजही वाटते. दोष मुलांच्या लक्षाचा नव्हता, आणि तो त्यांच्या माथी मारल्याचे मला वाईट वाटते.

यावरचा उपाय फुकटात झाला. तळाशी अडीच सेंटीमीटर उंचीचा पुठ्ठा बसवला. तो ओल्या पानाने फुगला, म्हणून नंतर जुन्या बाटल्यांची झाकणे एकावर एक चिकटवून त्यांवर पांढरा कागद लावला. त्या दिवसापासून तीच मुले डबी सोडेनात. दगडाखाली सापडणारा, बोट लावताच गोळी होणारा जो करडा जीव असतो, त्याच्या पायांच्या सात जोड्या त्यांनी दोनदा मोजल्या. तो कीटक नसून खेकड्या-कोळंबीच्या गणगोतातला आहे आणि त्याला श्वासासाठी ओलावा लागतो, हे सांगितल्यावर डबीत ओले पान ठेवायला मुलेच आठवण करू लागली.

बिजागरीबाबत विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार मात्र संतापजनक आहे. सुटे झाकण मिळत नाही, पूर्ण संच घ्यावा लागेल, आणि "घराबाहेरील वापरामुळे" झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे उत्तर आले. ही वस्तू घराबाहेर नाही तर कुठे वापरायची? शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८४० साली जर्मनीत 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव रूढ केले तेव्हा त्यांच्याकडे मुलांना लागवडीसाठी स्वतःचे वाफे असत. माती हा लहानांच्या शिक्षणाचा भाग मानला गेल्याला इतका काळ लोटला असताना, मातीत वापरली म्हणून हमी नाकारावी हे मला पटत नाही. आता झाकणे रबराने बांधली आहेत.

हातभिंगाबद्दल थोडक्यात. ते दहा पटीचे आहे, म्हणजे वस्तू अडीच सेंटीमीटरवर धरावी लागते. एवढ्या जवळ मुलाच्याच डोक्याची सावली पडते आणि एक डोळा मिटणे चार वर्षांच्या मुलाला जमत नाही. या वयाला दोन-तीन पटीचे, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे रुंद भिंग हवे. ॲक्रिलिकच्या भिंगावर वाळूच्या कणांनी ओरखडे पडतात, म्हणून ते आधी पाण्याने धुवावे आणि मगच पुसावे. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नये आणि ते उन्हात, वाळलेल्या पाल्यावर उघडे टाकू नये. चिमटा मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला, कारण त्याने किड्यांचे पाय तुटतात.

पाचव्या महिन्यापर्यंत मी डबीलाच संचाचा प्राण मानत होते. ते मत दोरीने बदलले. दीड मीटरची ती साधी सुती दोरी. टोके बांधून जमिनीवर टाकली की साधारण एक हात रुंदीचे रिंगण होते, आणि त्या रिंगणात जे दिसेल तेच पाहायचे. डबीतला जीव बाहेर पडायची वाट शोधण्यापलीकडे काहीच करत नाही, त्यामुळे मुलांचा प्रश्नही "पाय किती?" यापुढे जात नसे. रिंगणात मुंग्यांची रांग होती. पाच वर्षांच्या एका मुलीने त्या रांगेवरून आडवे बोट फिरवले. मुंग्या तिथे येऊन थबकल्या, मागे फिरल्या, मिशा हलवत इकडेतिकडे झाल्या आणि काही वेळाने त्यांची वाट पुन्हा जुळली. "मी तर काहीच ठेवलं नाही तिथे," ती म्हणाली. मुंग्या वासाची वाट आखतात आणि तिच्या बोटाने तो वास पुसला गेला, हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. तिने आणखी तीन ठिकाणी बोट फिरवून पाहिले, मग पान आडवे ठेवून पाहिले, आणि "वाट दिसत नाही पण आहे" असे शेवटी तिनेच मला सांगितले. त्याला वीस मिनिटे लागली.

तेव्हापासून डबीचा क्रम दुसरा झाला आहे. आधी रिंगण, मग गरज वाटली तरच डबी, तीही सावलीत आणि पाचच मिनिटे. नंतर तो जीव त्याच दगडाशेजारी सोडायचा आणि दगड होता तसाच हलक्या हाताने पालथा ठेवायचा.

नव्याने घेणाऱ्यांनी डबीची खोली आणि भिंगाचे नाभीय अंतर आधी मोजून पाहावे आणि झाकण सुटे मिळते का ते लेखी विचारावे. मी संच पुन्हा घेणार नाही. सहा रुंद भिंगे सुटी घेईन. दोऱ्या घरच्याच कापून ठेवल्या आहेत, प्रत्येक मुलाला एक अशा बारा.