बिनवायरचा ट्रिमर: मकिता की डीवॉल्ट?

सनमायकाची कड छाटणं, फळीची धार गोल करणं, बिजागरीची खाच काढणं, एवढ्या कामाला मकिता डीआरटी५० आणि डीवॉल्ट डीसीडब्ल्यू६०० हे दोन्ही सुतारकामाचे, बॅटरीवरचे ट्रिमर पुरून उरतात. दोन्ही १८ व्होल्टचे, ब्रशलेस म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचे.

खरा फरक वेगात आहे. मकिता मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे घेतो, डीवॉल्ट १६,००० ते २५,५००. मोठ्या व्यासाचा बिट, म्हणजे फिरणारं पातं, लावला की वेग उतरवावाच लागतो. तिथे मकिताचा खालचा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. वेग जास्त आणि हात संथ असला की सागाच्या टोकाला करपल्याचा काळा पट्टा उमटतो. पॉलिश मारल्यावर तो लपत नाही, उलट उठून दिसतो.

कापाची खोली बसवायला मात्र डीवॉल्ट सरस. रिंग फिरवली की बिट केसभर खाली-वर होतो. मकिता सुरू करायला आधी लॉकचं बटण, मग चालूचं. काहींना ही कटकट वाटते, मला पटते, कारण चुकून हात लागून तो सुरू होत नाही. तरी बिट बदलताना बॅटरी काढाच, दोन्हींची.

यातल्या एका कंपनीच्या बॅटऱ्या घरात असतील तर त्याच कंपनीचा घ्या. नसतील तर मी मकिता घेईन.