मसाल्याच्या ब्रँडसाठी ट्रेडमार्कचे सरकारी पोर्टल: उपयोग कुठे, अडचण कुठे

मसाल्याचा धंदा सुरू करताना 'नावाचं पेटंट घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो. नावाला पेटंट मिळत नाही. पेटंट नव्या शोधाला, 20 वर्षांसाठी. बरणीच्या नव्या आकाराला डिझाइन नोंदणी, 10 अधिक 5 वर्षे. पाकिटावरच्या चित्राला कॉपीराइट. नाव आणि लोगो ट्रेडमार्कमध्ये येतात, आणि दर 10 वर्षांनी नूतनीकरण केले की हक्क टिकतो. पोर्टल हा फरक समजावत नाही, तुम्ही भराल ते घेते.

यातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे मोफत शोध. मात्र तो वर्गानुसार, म्हणजे माल किंवा सेवेच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकानुसार चालतो: मसाले 30, लोणची 29, खानावळ 43. तिन्ही तपासा. पूर्ण नाव टाकून काही आले नाही म्हणून खूश होऊ नका. मराठी नाव रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहितात. 'व'ला व्ही की डब्ल्यू, 'आ'ला एक ए की दोन? प्रत्येक स्पेलिंग 'कंटेन्स' (नावात कुठेही ती अक्षरे असलेले) पर्यायात टाकून पाहा, मग फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून होणारा शोध वेगळा करा. आमच्या मते बहुतेक अर्ज इथल्या घाईमुळेच अडचणीत येतात.

अर्जाचा नमुना टीएम-ए. ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये, इतरांना 9,000. लघुउद्योगाची सवलत घेताना उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला) जोडा. डिजिटल स्वाक्षरी आधीच काढून ठेवा. विक्री सुरू असेल तर 'वापर कधीपासून' इथे पहिल्या बिलाचीच तारीख लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिले लागतात. अंदाजाने लिहिलेली तारीख पुढे सिद्ध करता येत नाही. अर्ज गेल्यावर नावात मोठा बदल करता येत नाही.

'शुद्ध', 'झणझणीत', 'कांदा-लसूण' असे नुसते वर्णन करणारे नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 मध्ये अडकते, आधीच्या नावाशी साम्य असेल तर कलम 11 मध्ये. परीक्षण अहवाल (अर्ज तपासून कार्यालयाने कळवलेल्या हरकती) मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर गेले नाही तर अर्ज सोडून दिलेला धरला जाऊ शकतो. म्हणून ईमेलवर विसंबून न राहता दर आठवड्याला पोर्टलवर अर्जाची स्थिती उघडून पाहा. साधे नाव, एकच वर्ग असेल तर अर्ज स्वतः भरता येतो. कलम 11 ची हरकत आली की मात्र ट्रेडमार्क एजंट किंवा वकील गाठा.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये तुमच्या नावाची जाहिरात आल्यावर 4 महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर टीएम छापा. नोंदणीआधी वर्तुळातला आर (नोंदणीकृत असल्याची खूण) छापणे गुन्हा आहे.