एका वायरीचे दोन सॉकेट, पैसे दोन वायरींचे

घरात मेश वायफाय (घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे) आहे, वरच्या मजल्यापर्यंत लॅन वायर ओढून घेतली आहे, प्लॅन ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिटचा) आहे आणि तरीही वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड ९४-९५ च्या पुढे हलत नाही, असं तुमच्याकडे होत असेल तर इंटरनेट कंपनीशी भांडण्याआधी हे वाचा. घराचं बांधकाम सुरू असेल आणि भिंतींना प्लॅस्टर व्हायचं असेल, तर नक्कीच वाचा.

मी अमळनेरला राहते. लग्नाचं शूटिंग नवरा करतो, एडिटिंग मी करते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे चोपडा, पारोळा, धरणगाव, सगळीकडे एकाच वेळी लग्नं असतात. दोन-तीन कॅमेरे आणि ड्रोन मिळून एका लग्नाचं फुटेज २०० जीबीच्या घरात जातं. ते साठवायची नॅसची पेटी (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कचा डबा) खालच्या खोलीत आणि माझं काम वरच्या खोलीत. म्हणून घर बांधतानाच प्रत्येक खोलीत लॅन वायर घ्यायचं ठरवलं. काम जिल्ह्यातल्याच एका दुकानाला दिलं. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं: कॅट-सिक्स वायर, शुद्ध तांबं, प्रत्येक खोलीत दोन स्वतंत्र वायरी, सगळं गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस), शिवाय मेशचे तीन डबे. दर मीटरवर होता आणि प्रत्येक खोलीला दोन वायरींचे मीटर धरून पैसे घेतले.

राहायला आल्यावर पहिल्याच लग्नाचं फुटेज वर घ्यायला लागले तर जवळजवळ पाच तास लागतील असं दिसायला लागलं. हिशेब सोपा आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. ९४ मेगाबिटचा वेग म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा एमबी (मेगाबाइट). गिगाबिट वायरीवर हाच आकडा ११० च्या आसपास जातो आणि तेच २०० जीबी अर्ध्या तासात उतरतं. ऐन सीझनमध्ये हा फरक आमच्या पोटावर येतो.

त्या माणसाला बोलावलं. वर आला, मोबाईलवर यूट्यूब लावून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, नेट तर मस्त चालू राहिलं. मेश म्हटलं म्हणजे स्पीड अर्धा होतोच." पुढच्या वेळी उन्हाचं कारण निघालं: "आपल्याकडचं ऊन पाहा ना, पाईपात वायर तापते." मग नवऱ्याला बाजूला घेऊन महागडा मेश सेट घ्यायचा सल्ला दिला. जुना सेट मात्र कमी भावात परत घ्यायला तयार होता.

त्याच्या दोन्ही कारणांत थोडं तथ्य आहे आणि लोक फसतात ते त्यामुळेच. मेशचा दुसरा डबा पहिल्याशी बिनवायरी जोडलेला असेल आणि एकाच रेडिओवर घ्यायचं-द्यायचं दोन्ही करत असेल, तर वेग अर्ध्यावर येतो हे खरं. पण डब्यांमध्ये वायर असेल तर हे कारण उरतच नाही. उन्हाचंही तसंच. तापल्यावर तारेचा विद्युतरोध वाढतो, लांबच्या वायरीत सिग्नल कमजोर होतो. पण आमची वायर खालून वर, दोन मजल्यांपुरतीच. आणि रात्री पाहा, पहाटे पाहा, आकडा ९४ च. उष्णतेने वेग पडला असता तर तो वरखाली झाला असता. एकाच ठिकाणी अडकून बसणारा आकडा वेगळं काही सांगतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात हातात पडतात ते हेच, ९४-९५.

मग मी एकेक टप्पा वेगळा करून पाहिला. लॅपटॉप थेट खालच्या राउटरला जोडला, पूर्ण ३०० मिळाले. म्हणजे कंपनीची लाइन ठीक. खालच्या मेशच्या डब्याला छोट्या वायरीने जोडला, तिथेही ३००. म्हणजे डबाही ठीक. तीच छोटी वायर वर नेऊन भिंतीतल्या सॉकेटला लावली, तर ९४. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडलं की लिंक स्पीड, म्हणजे वायरीच्या दोन टोकांच्या यंत्रांत ठरलेला वेग, दिसतो. तिथे १००/१०० लिहिलेलं होतं, हवं होतं १०००/१०००. सगळ्यात बोलका पुरावा मात्र वरच्या मेशच्या डब्याने दिला. त्याची भिंतीतली वायर काढून टाकली, डबा खालच्याशी वायफायने जोडला गेला आणि माझ्या फोनवरचा वेग ९० वरून १८० वर गेला. वायर काढल्यावर वेग दुप्पट होत असेल, तर दोष वायरीतच आहे.

नवऱ्याचा आतेभाऊ धुळ्याला वायरमनचं काम करतो. त्याने येऊन वरच्या सॉकेटची पट्टी खोलली. भिंतीतून येणारी वायर एकच. तिच्यातल्या आठ तारा दोन भागांत वाटलेल्या. नारिंगी आणि हिरव्या जोड्या मेशच्या सॉकेटला, निळ्या आणि तपकिरी जोड्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला. खालच्या टोकालाही अशीच वाटणी करून दोन जॅक काढलेले. बाहेरून बघणाऱ्याला दोन सॉकेट, दोन स्वतंत्र वायरी. दोन्हींवर इंटरनेट चालतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

१०० मेगाबिटला चार तारा, म्हणजे दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला आठही तारा लागतात. हे प्रमाण १९९९ पासूनचं आहे. या धंद्यातल्या माणसाला ते माहीत नाही असं होऊच शकत नाही. चार तारा जोडल्या की दोन्हीकडची यंत्रं तक्रार न करता १०० वर उतरतात. नेट 'चालू' असतं. ही हातचलाखी याच गोष्टीवर उभी आहे.

आतेभावाने मग ब्लेडने एक तार खरवडली. वरचा लालसर थर निघाला आणि आत पांढरट, चंदेरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. बाजारात हिला सीसीए म्हणतात. तांब्यालाही कधीकधी कथलाचा चंदेरी मुलामा असतो, पण खरवडल्यावर ते आत लालच निघतं. इथे उलटं होतं. ती तार दोन-चारदा वाकवली आणि तुटली. कॅट-सिक्सच्या मानकाला तांब्याचीच तार लागते, सीसीए त्यात बसत नाही, मग वेष्टनावर कॅट-सिक्स छापलेलं असो. तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज दिली तर ती तापते. दुकान, जिनिंग, केळी पिकवायचं चेंबर, जिथे जिथे असे कॅमेरे लावताय तिथे हे जास्त गंभीर आहे. ३०५ मीटरचा खोका समोर असेल तर हातात घेऊन पाहा. अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा तिपटीहून हलकं असल्याने फरक लगेच जाणवतो.

मला राग याचा आला की हे सगळं भिंतीत गाडलेलं होतं. आपल्याकडे घर बांधताना वायरी पडतात प्लॅस्टरच्या आधी आणि इंटरनेट येतं राहायला गेल्यावर. मधल्या काळात पैसे चुकते झालेले असतात, पाईप बुजलेले असतात. तपासायला कुणी येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आमचं नशीब एवढंच की पाईप मोकळे होते. आतेभावाने जुन्या वायरीच्या टोकाला नव्या दोन तांब्याच्या वायरी बांधल्या आणि जुनी ओढत नवी आत घेतली. एका खोलीत वळणावर पाईप चेपलेला होता, तिथे भिंत थोडी फोडावी लागली. मेशचे डबे तेच, राउटर तोच. लिंक स्पीड १००० झाला आणि फुटेज अर्ध्या तासात वर येऊ लागलं. महागडा सेट घ्यायची काहीच गरज नव्हती.

दुकानदाराने आधी हात वर केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, कोटेशनचा स्क्रीनशॉट आणि उघड्या सॉकेटचे फोटो जोडले. त्यानंतर त्याने न टाकलेल्या वायरीचे पैसे परत केले. सीसीएच्या आणि मजुरीच्या पैशांवर अजून अडून बसलाय, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. त्याने पक्कं बिल दिलं नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

ज्यांची घरं आत्ता चालू आहेत त्यांनी कोटेशनमध्ये 'शुद्ध तांबं, प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र वायर, आठही तारा जोडलेल्या' हे शब्द लिहून घ्या आणि पाईप बुजायच्या आधी वायरीचे फोटो काढा. शेवटचा हप्ता देताना वायरीचं खालचं टोक मेशच्या डब्याला आणि लॅपटॉप वरच्या सॉकेटला लावा, डबा आणि लॅपटॉप दोन्ही गिगाबिट पोर्टचे हवेत. इंटरनेट आलेलं नसलं तरी चालतं, लिंक स्पीड तसाही दिसतो. प्रत्येक सॉकेटवर १००० दिसेपर्यंत हप्ता हातातून सोडू नका.