वर्डमधलं कॉम्प्रेस पिक्चर्स: नोट्सची फाइल जड होते त्यांच्यासाठी

चित्रं ठासून भरलेल्या नोट्स, वर्कशीट, प्रॅक्टिकलचे हँडआउट बनवणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगलीच माहितीये. मजकूर जेमतेम दहा पानांचा आणि फाइल ६० एमबीची, मेलला जोडता येत नाही, मुलांच्या मोबाइलवर उघडता उघडत नाही, मग जो तो फुकटची पीडीएफ कॉम्प्रेस साइट शोधतो आणि मिळेल तिथे फाइल टाकून मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी वर्डमध्ये पडून असलेलं कॉम्प्रेस पिक्चर्स नीट वापरून बघा, बऱ्याच जणांचं काम तिथेच भागेल. रिव्ह्यू त्याचाच आहे, बाकीची टूल्स हे जिथे कमी पडतं तिथे येतील.

पहिली तक्रार म्हणजे बटण पटकन सापडत नाही. एखाद्या चित्रावर क्लिक केल्याशिवाय पिक्चर फॉरमॅट हा टॅबच दिसत नाही, त्यात डावीकडे छोटंसं कॉम्प्रेस पिक्चर्स असतं. ते उघडलं की वर दोन टिक दिसतात आणि सगळा खेळ तिथे आहे. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ही टिक आधीपासून लावलेली असते, म्हणजे ओके दाबलं की फक्त ते एकच चित्र लहान होतं, बाकीची जशीच्या तशी. लोक साइझ बघतात, फारसा फरक नाही, आणि फीचर बोगस आहे म्हणून सोडून देतात. ती टिक काढा. ही का अशी ठेवलीये मला कळत नाही, उलट असायला हवी होती.

दुसरी टिक, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज', मात्र राहू द्या. आपण चित्र क्रॉप करतो तेव्हा बाकीचा भाग फक्त झाकला जातो, फाइलमध्ये तो शाबूत असतो आणि साइझही खातो. आणि साइझचं जाऊ द्या, समजा तुम्ही एखाद्या मुलाच्या उत्तरपत्रिकेचा फोटो नमुना म्हणून टाकला आणि वरचं नाव-रोल नंबर क्रॉप केलं, तर ज्याच्याकडे ती वर्ड फाइल जाईल तो क्रॉपवर क्लिक करून नाव परत उघडं करू शकतो! ही टिक असेल तर तो भाग खरोखर उडतो. हे मी सगळ्या शिक्षक मंडळींना आवर्जून सांगतो.

खाली रेझोल्यूशन निवडायचं असतं. ३३०, २२०, १५० आणि ९६ पीपीआय, म्हणजे कागदावरच्या एका इंचात किती पिक्सेल. इथे हिशोब एकदा डोक्यात बसला की सगळं सोपं. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेल फोटो ४००० बाय ३००० असतो, १ कोटी २० लाख पिक्सेल. नोट्समध्ये तो ३ इंच रुंद लावलाय. १५० पीपीआयला त्याला ४५० पिक्सेल रुंदी पुरते, म्हणजे सगळे मिळून साधारण दीड लाख. बाकीचे कोटभर पिक्सेल कुणालाच दिसत नव्हते, नुसतं ओझं. म्हणून आधी चित्र पानावर हवं तेवढं छोटं करा आणि मग कॉम्प्रेस करा, कारण पीपीआय मोजला जातो तो पानावरच्या आकारावर.

माझी निवड बहुतेक वेळा १५०. ९६ फक्त स्क्रीनवर एकदा बघून टाकायच्या गोष्टींना, त्याची प्रिंट काढली की फोटो चिखल दिसतो. नकाशे, झाडाच्या पानाचा आडवा छेद, सर्किट डायग्राम, जिथे बारीक नावं लिहिलेली असतात आणि मुलं बोटांनी झूम करून वाचतात, तिथे १५० पण कमी पडतं, अक्षरं धुरकट होतात आणि 'ठ' आहे का 'ढ' हेच कळत नाही. अशांना २२० किंवा ३३० ठेवायचं, आणि इथे ती एकाच चित्राला लागू करायची टिक कामाला येते, फक्त मग प्रत्येक फोटो वेगवेगळा निवडून करावा लागतो, वैताग आहे पण इलाज नाही. आणि मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा, सेव्ह करून बंद केली की गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

चित्र सेव्ह करायचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यातलं जेपेग रेषांच्या आकृत्यांना लावूच नये असं माझं ठाम मत आहे, ते फोटोसाठी बनलंय, अक्षरांभोवती घाणेरडे ठिपके येतात. आकृती पीएनजी, फोटो जेपेग. एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा साठवणारी फाइल) मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, कितीही मोठी करा रेष फाटत नाही.

एवढं करूनही फाइल हलत नसेल तर एक युक्ती. डॉकएक्स (वर्डची) किंवा पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची) फाइल ही आतून झिप फाइलच असते. कॉपी करा, एक्स्टेन्शन (नावातल्या टिंबानंतरचा शेवटचा भाग) बदलून झिप करा, उघडा, वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये (स्लाइडची फाइल असेल तर पीपीटी) मीडिया फोल्डर दिसेल, त्यात सगळी चित्रं सुटी सुटी असतात. साइझप्रमाणे लावा. पुष्कळदा सगळा भार एखाद-दोन चित्रांचाच निघतो, म्हणजे प्रत्येक पानाच्या वर नखाएवढा दिसणारा लोगो, जो आत पोस्टरच्या मापाचा असतो. तेवढा बदलला की झालं.

तशा एकट्या चित्रासाठी स्क्वूश ही चित्र लहान करायची साइट वापरते मंडळी, मलाही आवडतं. ब्राउझरमध्येच चालतं, चित्र सर्व्हरवर जात नाही, मधला पट्टा सरकवून आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी बघता येतं. एका वेळी एकच चित्र, हा तोटा. स्लाइड असतील तर लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये (पॉवरपॉइंटसारखंच फुकटचं सॉफ्टवेअर) टूल्सखाली मिनिमाइझ प्रेझेंटेशन आहे, ते न वापरलेल्या मास्टर स्लाइड (स्लाइडच्या डिझाइनचे साचे) पण काढतं आणि मूळ फाइलला हात न लावता वेगळी कॉपी करून देतं, या बाबतीत ते वर्डपेक्षा शहाणं आहे.

स्कॅन केलेल्या पीडीएफला मात्र वर्डचं बटण काही कामाचं नाही. तिथे चूक स्कॅन करतानाच होते. ए४ पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) रंगीत घेतलं तर कच्चा डेटा २६ एमबीच्या आसपास, तेच निव्वळ काळं-पांढरं घेतलं तर १ एमबीच्या थोडं वर. छापील प्रश्नपत्रिकेला रंग हवाय कशाला? पेन्सिलचं शेडिंग असेल तर ग्रेस्केल, नाहीतर शेडिंग गायब होतं. हातात आधीच जड पीडीएफ असेल तर घोस्टस्क्रिप्ट हा आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारा फुकटचा प्रोग्राम आहे, त्यातलं ईबुक सेटिंग चित्रं १५० डीपीआयवर आणतं, स्क्रीन सेटिंग ७२ वर, आणि ७२ वाचायला नको वाटतं. कमांड टाइप करावी लागते म्हणून लोक घाबरतात, पण मुलांची नावं-मार्क असलेली फाइल अनोळखी साइटवर चढवण्यापेक्षा हे परवडलं.

वर्डमधून शेवटी पीडीएफ करताना सेव्ह अॅजच वापरा, प्रिंट टू पीडीएफ नको, त्यात लिंक मरतात आणि चित्रांना लिहिलेली वर्णनं पण जातात, ज्यांना स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लागतो त्यांची पंचाईत.

कॉम्प्रेस पिक्चर्सला माझ्याकडून ५ पैकी ४, एक गुण त्या उलट्या टिकेपायी कापला. व्हिडिओ टाकलेल्या स्लाइडना यातलं काहीच लागू नाही, त्यासाठी विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, मग इन्फो, तिथे कॉम्प्रेस मीडिया हे वेगळं बटण आहे.